पातळी

जानेवारीचा दुसरा रविवार. सकाळी साडेसहाला
आम्ही सहा जण कळंब्याच्या बांधावर.
सातवी थंडी, ती आमच्या आधीच येऊन
दगडादगडावर बसलेली,
बूड टेकायची सोय नाही.

पाणी दिसत नाही. धुक्याच्या खाली
कुणी झोपलेल्या घरात भांडी हळू ठेवावीत
तसा आवाज फक्त.
पलीकडं कुठंतरी गुऱ्हाळ पेटलंय,
मुक्ता जीभ बाहेर काढून हवा चाटते
आणि जाहीर करते : काकवी.

आण्णा पुढे. मफलर, कानटोपी,
आणि निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या पोरांनी दिलेली बॅटरी,
उजाडत आलं तरी सुरूच.
एकतीस वर्षं त्यांनी हे तळं फुटांत ओळखलं.
सव्वीस. साडेएकोणीस. एका मे महिन्यात नऊ,
तेव्हा ते घरात कुणाशी बोलत नव्हते.
रात्रपाळीला ते आणि इलाही मुल्ला,
एक रेडिओ, एक घोंगडं, दोन डबे,
आणि अंधारात एवढं पाणी.

त्यातला एक डबा आईचा.
एकतीस वर्षं तिनं तो भरला
आणि तळं कधी पाहिलं नाही.
कुणी नेलं नाही, तिनं म्हटलं नाही.
रविवार होते तसे,
पण रविवारी धुणं असायचं.

आता ती बांधावर उभी. पदर कानांवरून घट्ट,
पायांत वर्षाचे बूट, एक नंबर मोठे,
पुढे कापूस कोंबलेला.
धुकं उचलत गेलं तसं पाणी लांब होत गेलं,
जलपर्णीच्या पलीकडं, बाभळींच्या पलीकडं,
कात्यायनीच्या डोंगराची सावली भिजेपर्यंत.
ती बघत राहिली.
मग म्हणाली,
"एवढं हुतं व्हय?
आन् आमच्या नळाला दिवसाआड करंगळीएवढी धार!"

रणधीरला हसू आवरेना, त्याचा खोकला केला.
आण्णांनी बॅटरी बंद केली.

बांध संपला की पायवाट. दवानं गवत वाकलेलं,
विजारी गुडघ्यापर्यंत ओल्या.
दूर रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर,
दोन ट्रॉल्या, आणि छाती हलवणारं गाणं.
आण्णांच्या छातीत दिवाळीपासून दोन जाळ्या आहेत,
त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय.
ते चालतात, आणि मधेच हात वर करतात :
थांबा. हळदीकुंकू.
खरंच बदकं. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू.
आम्ही थांबतो.
दोनशे पावलांवर : थांबा. शेकाट्या.
खरंच शेकाट्या, लाल काड्यांवर उभा.
शंभर पावलांवर : टिटवी.
ती ओरडत होतीच.

मग ऐंशी-एक पावलं. हात वर.
या वेळी आवाज निघाला नाही, नुसतं बोट,
पाण्यावर वाकलेल्या एका फांदीकडे.
"खंड्या," बऱ्याच वेळानं.

"आजोबा, ते पान आहे."

वर्षा माझ्याकडे बघते, मी बुटाच्या नाडीकडे.

"खंड्याच हाय त्यो," आई म्हणते.
"झोपलाय. उडंल आत्ता. बसा समदी."

बसलो. दगड गार, बसलो.
सहा माणसं एका पानाकडे बघत.
आण्णांचा श्वास आधी ट्रॅक्टरसारखा,
मग सायकलसारखा,
मग ऐकू येईनासा, म्हणजे नेहमीसारखा.
आईनं पिशवीतून भडंगाची पुडी काढली,
दोरा दातानं तोडला,
आणि तळ्याकडे न बघता विचारलं,
"आज किती फूट?"

मोजपट्टी मी येतानाच पाहिली होती.
शेवाळ चढलेलं, आकडे गेलेले.

"चोवीस," आण्णा लगेच.

"मग पुरंल," आई म्हणाली,
आणि पहिली मूठ त्यांच्या हातावर ठेवली.

मुक्ता अजून हलत नाहीये.
पान जरासं हललं तर म्हणते,
शू.