नकार वरचढ

तिकीट चार हजार बारा. बेलापूर, चौथा मजला.
"फाईल दिसते, पण उघडत नाही."
वनिता मढवी, दप्तर विभाग.

महाप्याहून मी तिचा स्क्रीन हातात घेतला.
गट: दप्तर. वाचणे, लिहिणे, सगळं हिरवं.
कॅशे पुसली. लॉगआउट, लॉगिन.
फोल्डरचा वारसा तोडला, पुन्हा जोडला.
तेच लाल कुलूप.

मग पार खाली, कुणी घाईत केलेला
दुसरा गट सापडला. अर्जदार: मज्जाव.
त्यात सत्तरावं नाव तिचं.

"मॅडम, तुम्ही दोन्हीकडे आहात.
आणि एक जरी नाही म्हणालं
तर बाकीच्यांचं हो चालत नाही."

फोनवर नुसता पंखा.
"गोठिवलीचं शेत ते, माझ्या आज्याचं.
सातबारा मीच स्कॅन केला, गेल्या मे महिन्यात.
घडीत भाताचं तूस अडकलं होतं,
नखानं काढलं."

अर्जदारांतून तिला वगळायला
मला एक क्लिक पुरत होतं.
"वगळू?"

"नको. तिथनं नाव गेलं
तर परत कोण घालील?
तुम्ही तिकीट बंद करा."

बंद करताना कारण द्यावंच लागतं.
यादीत होतं त्यातलं निवडलं:
परवानग्या योग्य आहेत.