मुका खांब

गुंडा तिसऱ्या माळ्यावरून सुटला
आणि पायरी पायरी उतरत
माझ्या खुर्चीशी येऊन थांबला.
पांढरा, वीस नंबरचा. उचलण्याआधीच कळलं.
एकवीस वर्षं तांडापेठेत माग चालवला मी,
दोरा बोटांना आपलं नाव सांगतो.

वरून रूथ साळवेबाईंचा आवाज आला,
"धकाते, कुठपर्यंत गेला?"
"माह्यापर्यंत."
"मग गुंडाळत वर ये."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलं.
बिलासपूरच्या नातीच्या झग्याला फुलांची किनार हवी,
बेचाळीस फुलं, झाली होती अकरा.
मी म्हटलं, मले नाही जमत बाई, मी मागावरचा माणूस.
त्या म्हणाल्या, माग काय नि सुई काय, दोरा तोच.

दोरा तोच, पण बाकी काहीच तसं नव्हतं.
मागावर एक दोरा उभा राहतो, दुसरा आडवा जातो,
एकमेकांना धरतात म्हणून लुगडं होतं.
इथे एकटाच दोरा
आपलाच हात धरून उभा.
टोक ओढलं की पाकळी नाही, देठ नाही,
मांडीवर नुसता कुरळा दोरा.
पहिल्या आठवड्यात असं सतरा वेळा झालं.
बाई उसवलेला दोरा पुन्हा गुंडाळायच्या,
वॉर्डातल्या पट्ट्या गुंडाळाव्यात तशा.

"सहा साखळ्या, गोल जोड.
तीन साखळ्या वर चढ.
आता खांब घे, पण पुरा करू नको.
शेवटचा वेढा सुईवरच राहू दे.
दुसरा पण अर्धा. तिसरा पण.
सगळे थांबले की मग एका ओढीत मिटव."

हे थांबवून ठेवणं मला येईना.
हात आपोआप खांब पुरा करून टाकायचा.
गांधीबागचा शेठ अर्ध्या कामाचे पैसे कापायचा,
ते बोटांनी अजून विसरलं नाही.
अर्धं काम सोडून मी एकदाच उठलो.
माग भंगारात गेला तेव्हा
त्यावर साडेतीन हात लुगडं होतं, जांभळं, पिवळ्या काठाचं.
बायकोने त्याच्या उशांच्या खोळी केल्या.
एक अजून आहे.

मे महिना. रात्री अकराला बेझनबागच्या जिन्यात
भिंतीला पाठ लावता येत नाही.
घामाने दोरा मळतो, म्हणून बाईंनी पावडरचा डबा दिलेला.
बोटांना पावडर, हातात आगकाडीएवढी सुई,
टेबलावर शिट्टी, टॉर्च, रजिस्टर.
जेवण पोचवणारं पोट्टं म्हणालं,
"काका, बायकांचं काम काहून करून राहिले?"
म्हटलं, "तुह्या शर्टाची बटनं लावणारा हात
तू पाहून आला होता काय बे?"
ते हसलं, मग थोडा वेळ उभं राहून पाहत राहिलं.
पार्सल थंड झालं असणार.

पाकळी झाली की पाच साखळ्या उतरायच्या
आणि गोलात एक मुका खांब.
सगळ्यात बुटका. फुलात कुणाला दिसत नाही.
बाई म्हणतात, त्याचं काम पाकळीला घरी आणणं.
मी काही बोललो नाही.
गेटवरची नोकरी मला ठाऊक आहे.

पहिलं अख्खं फूल सकाळी वर नेलं.
बाईंनी ते डोळ्यांना लावलं नाही,
अंगठ्याने फिरवलं, घड्याळ लावतात तसं.
एक, दोन, तीन. चौथ्या पाकळीवर थांबल्या.
"इथे हात दचकला तुझा."

खाली येऊन रजिस्टर उघडलं.
११.२०, दोनशे चारची गाडी, हॉर्न तीनदा,
मी सुईवर तीन अर्धे खांब ठेवून गेट उघडायला धावलो होतो.
परत आलो तेव्हा ते तसेच होते,
एक जरा सैल.

बाईंना विचारलं, उसवू?
म्हणाल्या, "झग्याला नको लावू हे.
तुह्याजवळ ठेव."

शिट्टीच्या दोरीला बांधलंय.
बेचाळीसमधली तीस अजून बाकी.
कुणी विचारलं तर सांगतो,
रात्रपाळी आहे.