पोटाला कान

नगरगावच्या दूध सोसायटीत माझ्याकडे दोन वह्या.
एकीत येते ते लिहायचे: लिटर, फॅट.
दुसरीत जाते ते: कुंडा, सरकीची पेंड, खनिज मिश्रण,
आणि शेवटच्या पानावरून, उलटीकडून,
दस्तगीरची उधारी.

दस्तगीरकडे दूध देणारे काहीच नाही.
त्याच्याकडे घोडी आहे, पांढरी, लग्नाची.
वाळपईपासून डिचोलीपर्यंतचे नवरदेव
तिच्या पाठीवर एकेकदा बसून गेलेले.
माझाही आला होता तिच्यावरूनच.
गेला कशावरून, ते नीट आठवत नाही,
कदंब असावी, सकाळची.

चेअरमन म्हणाले, उधारी फक्त दुभत्या जनावराला.
मी तिला म्हैस क्रमांक चौदा लिहिले
आणि फॅटच्या रकान्यात आडवी रेघ.

लोकांनी तिला काय काय भरवले!
करवल्यांनी जिलेबी, कुणी काल्याच्या जत्रेतले खाजे,
एका आजोबांनी तर स्वतःच्या तोंडात जायचा विडा.
दस्तगीर हात जोडायचा, नको हो,
हिचे पोट लहान आहे, आतडे लांब, लगेच रुसते.
एवढे थोरले जनावर! म्हणून मांडव हसायचा.

एप्रिल सरत आला होता.
धोंडू गावकराच्या कोळमीमागे
पिळून टाकलेल्या बोंडूंचा ढीग,
त्यावर माशा, आणि आंबूस गोड वाफ
रस्त्याने जाणाऱ्यालाही थोडी चढेल अशी.
धाकू झोऱ्याच्या म्हशी तिथे तोंड घालतात,
जराशा तिरक्या चालत गोठ्यावर जातात,
दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर कमी, एवढेच.
त्यांना चार पोटे. चारदा विचार करता येतो.

घोडीला एकच.

दावे तुटले की कुणी सोडले, कळले नाही.
रात्री साडेदहाला दस्तगीर माझ्या दारात.
"बाय, ती पोटाक पळयता."
मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघत होती,
तिथे कुणी हाक मारल्यासारखी.

डॉक्टर साखळीला. फोन लागायचा, तुटायचा,
त्यातून एवढेच स्वच्छ ऐकू आले:
घोड्याला ओकता येत नाही.
लोळू देऊ नका. चालवा.

चालवली.
पुलापर्यंत आणि परत, पुलापर्यंत आणि परत.
खाली म्हादई, उन्हाळ्यातली, गुडघाभर.
दस्तगीर काही बोलला नाही, मीही नाही,
फक्त एकदा त्याने विचारले, तुला झोप येत नाही?
म्हटले, येते की. रोज येते.

दर अर्ध्या तासाने मी तिच्या कुशीला कान लावायची.
डावीकडे काही नाही.
उजवीकडे काही नाही.
भरलेल्या घरात सगळ्यांनी अबोला धरावा तसे.
तिचा घाम माझ्या गालाला लागत होता, गार,
बोंडूच्या वासाचा.

चारच्या सुमारास आत काहीतरी खोकले.
पाणी यायच्या आधी नळ खोकतो ना, तसे.
मी दस्तगीरला खूण केली, त्याने कान लावला,
मग मी, मग पुन्हा तो.
दोघांच्या मधे ती उभी, कंटाळलेली.

साडेपाचला सोसायटीच्या पायरीशी,
किटल्या घेऊन माणसे रांगेत असताना
तिने शेपूट वर केले.
सहा गोळे. मी मोजले, मोजायचीच सवय.
दस्तगीर भर रस्त्यात खाली बसून रडला.
लिदेसाठी रडणारा मनीस पयलीच खेप पळयलो,
धाकू म्हणाला, आणि आपला टॉवेल त्याला दिला.

डॉक्टर सात वाजता आले, नळी, बादली, सगळे घेऊन.
आज फक्त पाणी, म्हणाले. उद्या मूठभर ओले गवत.
परवाचे परवा.

वही उघडली. पेंडीपुढे, कुंड्यापुढे,
चौदा नंबरला: काही नाही.
मग दुसरी उघडली, येते ती,
तिथे तिचे पान इतकी वर्षे कोरेच होते.
लिहिले: सहा.

चेअरमननी चष्म्यावरून पाहिले.
सहा लिटर? मग फॅट का नाही लावलीस?
मागे किटल्या वाजत होत्या.
मी म्हटले, पुढचे कोण?