दुसऱ्यांदा

मंगळवारी पाळी सुटली की लायब्ररीच्या माडीवर.
लिंबू चोळूनही हातांना हॅडॉकचा वास.
हॅलम मास्तर फळ्यावर लिहितात :
पहिल्यांदा आला तर ‘अ’,
तोच पुन्हा आला की ‘द’.
अ मॅन दारात उभा राहतो.
द मॅन आत येऊन बसतो.

आमच्या लिथुआनियनमध्ये माणूस
सरळ आत येतो, पाटी न लावता.

‘द’ म्हणताना जीभ दातांत धरायची.
ते जमतं मला. ग्रिम्स्बीत आठ महिने
दुसरं काय केलं?

बर्फाच्या पट्ट्याशी रोज ओरड होते :
चार नंबरला अ वुमन पाठवा!
कधी मी जाते, कधी योलांता.
माशाला काय, सुरी ती सुरीच.

काल मुकादम फोनवर, पाठमोरा.
द वुमन, म्हणाला, फ्रॉम लाइन फोर.
माझा हात कल्ल्यापाशी थांबला.
नियम पाठ आहे : ‘द’ दुसऱ्यांदा.
म्हणजे आधी एकदा
विषय निघालाय माझा,
कुठंतरी, कुणापाशी.

शुक्रवारी मी हातमोजे मागितले होते.
अ पेअर, असंच म्हणाले होते.
घरी जाऊन वही उघडून पाहिली.
व्याकरण बरोबर होतं.