ते

सकाळी सात ते साडेनऊ फ्रेंच,
मग खिचडी, मग दुपारपर्यंत मराठी,
आणि मधल्या सुट्टीत हातपंपापाशी
वेळापत्रकात नसलेली ती:
"काहून ढकलून राह्यला बे?"

शाळेला सगळे दोन भाषांची म्हणतात.
मी मोजतो तेव्हा तीन भरतात.
भाजीच्या धड्याला सोलांजबाईंनी टोमॅटो वर धरला,
त्या म्हणाल्या तोमात, मी म्हणालो टोमॅटो,
आणि पहिल्या बाकावरून हर्षल भोयर,
"सर, भेद्रं हाये ते."
कोथिंबिरीला तर अख्खा वर्ग ओरडला, सांभार!
बाईंनी वहीत लिहून घेतलं,
आणि मला हळूच विचारलं,
मग हॉटेलात इडलीसोबत देतात ते काय?

चौथं वर्ष त्यांचं इथं. दुपट्टा डोक्याला
आमच्या बायांसारखा घट्ट बांधतात.
'ळ' मात्र अजून येत नाही,
केळ्याची केल होते, बाभळीची बाभल.

वर्गात वस्तूंवर चिठ्ठ्या. त्यांच्या दोनच रंगांत:
निळा 'ल', लाल 'ला'.
फळा निळा, खुर्ची लाल.
चंद्र त्यांच्याकडे बाईमाणूस निघाला,
पोरं दोन दिवस हसली.
माझ्याकडे पिवळा रंगही होता,
घर, झाड, वावर, पाणी, आभाळ, लेकरू.
पिवळ्यांपाशी बाई अडखळायच्या.
तो घर, म्हणायच्या. तो पाणी.

मार्चात, हरभरा निघाल्यावर,
सेजल नेवारे उशिरा आली,
वेणी घातलेली एकच, दुसरी सुटी.
"रातच्याले गाय व्याली."
रोज पाच ओळी फ्रेंचमधून लिहायच्या, घरी काय घडलं.
तिनं पेन उचललं आणि तिथंच थांबली.
"वासराले ल का ला?"
"ल व्हो," बाई म्हणाल्या,
"पण कालवड असेल तर शब्दच वेगळा. काय आहे?"
"वासरू हाये."
"हो, पण तो की ती?"
"ते."
"तू बघितलं नाहीस?"
"अंधार होता, बाई. मी तं त्याचं तोंड पायलं."

सुट्टीत मग नाला ओलांडून आम्ही सगळे गोठ्यात.
खुरांवर अजून पिवळसर मऊ साल,
नाळेचा तुकडा लोंबता,
गाय चाटत होती, आमच्याकडे बघत नव्हती.
"गोऱ्हा," सेजलचा बाप म्हणाला,
आणि घमेलं उचलून निघून गेला.
म्हणजे निळी चिठ्ठी. प्रश्न मिटला.

वासरानं मागचे पाय वर उचलले,
पुढचे गुडघ्यांवरच राहिले,
मग सगळंच कोसळलं.
"ते पडलं," बाई म्हणाल्या.
पोरांच्या कानावर गेलंही नाही.

परतताना, नाल्यातल्या दगडांवर तोल सांभाळत,
त्यांनी विचारलं,
"लेकरू पण ते ना? किती वर्षांपर्यंत?"
मी व्याकरणात शोधत होतो.
हर्षल बाहीला नाक पुसत म्हणाला,
"शेंबूड आपल्या हातानं पुसता ये तोवर, बाई."

माझा तास केव्हाच सुरू झाला होता.
सेजलच्या वहीत फ्रेंचच्या तीन ओळी, दोन कोऱ्या,
आणि त्यांच्या खाली, कुणी सांगितलं नसताना:
तोंड पांढरं हाये त्याचं.
'हाये'खाली रेघ मारायला मी लाल पेन उघडलं
आणि बराच वेळ
टोपण शोधत बसलो.