एडक्के, उजवं

हेल्मेटच्या आत
डावं आणि उजवं एकाच आवाजात संपतं.
हे आम्हाला जांबोटीच्या अलीकडे कळलं.
मी डावं म्हटलं, इराण्णानं उजवं ऐकलं,
आणि डुक्कर फियाट नाचणीच्या वावरात
दमल्या म्हशीसारखी बसली.

बराच वेळ नुसता रेडिएटर बोलत होता.
मग इराण्णा म्हणाला,
असं करूया की, प्रमिलाबाई,
डावं माझ्या भाषेत सांगा, उजवं तुमच्या.

तेव्हापासून रस्त्याची एक बाजू कानडी.
निपाणीच्या वखारीतली लाल कापडाची वही,
तंबाखूचा वास अजून जात नाही तिचा,
त्यात पेन्सिलीनं, हलत्या अक्षरात:

एडक्के मूरु, फणसाशी.
उजवं चार, लांबत जातं, सोडू नको.
मोरी. दगड. म्हशी असतील.
एडक्के वंदु, आवळ, खाली दरी.
(दरी हा शब्द मी मोठ्यानं कधी वाचला नाही.
तो माझ्यापुरता होता.)

त्या वर्षी गावात पाट्यांना डांबर लागत होतं.
रात्री एका लिपीला, पहाटे दुसऱ्या.
आम्ही तिसऱ्या गेटापाशी, दस्तगीरच्या शेडमध्ये,
गाडी ठोकळ्यांवर.
क्रँक उद्यमबागेत गेला होता.
भारमण्णानं लेथवर दहा थाऊ काढले
आणि निरोप पाठवला, आता ह्यात काढण्यासारखं काही नाही,
पुढच्या वेळी गाडीच नवी आणा.
माझ्या बाजूचा तळ गंजून गेलेला,
खाली रस्ता दिसायचा.
दस्तगीरनं कुठूनशी एक पाटी आणली, अर्धी काळी,
कात्रीनं कापली, ठोकून बसवली, चार रिव्हेट.
गावाचं नाव माझ्या चपलेखाली आलं.
पुढं घासून घासून रंग गेला,
कुठली अक्षरं होती ते कुणाला सांगता येईना.
पत्रा चांगला होता एवढं खरं.

सतरा गाड्यांत आम्ही अकरावे.
अकराव्याला बक्षीस नव्हतं, चहा होता.
कणकुंबीच्या थंडीत तो बशीत ओतून प्यायलो,
इराण्णाच्या बोटांचं ऑईल बशीला लागलेलं,
आणि तो एकसारखा सांगत होता,
त्या फणसाच्या वळणाला, बाई,
त्या वळणाला आम्ही पहिले असणार.
तिथं घड्याळ लावलेलं कुणी नव्हतं.

इराण्णा श्रावणात गेला.
दोन वर्षांनी त्याचा नातू शिवकुमार गाडी घेऊन दारात आला.
पिस्ता रंग, क्रोम असं की तोंड दिसावं,
कॅम्पातल्या मैदानावर रविवारी जुन्या गाड्या लागतात,
तिथं पोरं तिला टेकून फोटो काढतात म्हणाला.
वही आहे का हो आज्जी?
आहे.
मग बसा की.

काचा बंद. इंजिन शिवणयंत्रासारखं.
आता डावं म्हटलं असतं तरी चाललं असतं.
मी एडक्के म्हटलं.
तो वळला, काही न विचारता,
आजोबासारखाच, खांदा आधी, मग हात.

फणस नाही.
रस्ता रुंद झालाय, मोरीच्या जागी पूल.
वहीत उजवं चार, लांबत जातं,
समोर सरळ डांबर, पांढरा पट्टा.
मी वाचलं तसंच. जे लिहिलंय ते वाचायचं,
समोर बघायचं काम दुसऱ्याचं,
एवढा एकच नियम होता आमचा.
शिवकुमारनं स्टिअरिंग सरळ ठेवलं.
मी मात्र डाव्या दाराकडं झुकले,
जुनं वळण संपेपर्यंत.

काय झालं आज्जी?
काही नाही. चालव.

पायाखाली नवा गालिचा, मऊ, राखाडी.
चप्पल काढली.
अंगठ्यानं कोपरा सारला आणि चाचपत गेले.
एक. दोन. तिसरा थोडा वर आलेला,
तो तेव्हाही वर होता, माझा मोजा फाडायचा.
नाल्कु.