नंबर लपवलेला

उल्लापूलहून आज बोट सुटलीच नाही.
वारा.
म्हणजे टपाल नाही, म्हणजे हॉस्पिटलचं पत्र नाही,
म्हणजे पेगीला आज सुट्टी.

तरी जीव एप्रनच्या खिशात, फोनशेजारी;
कोंबड्यांना दाणे टाकताना,
न्हाणीत साबणाच्या ताटलीत.
"तीन आठवडे," नर्स म्हणाली होती.
आज सव्विसावा दिवस.

ती फ्रीजर उपसायला घेते.
तळाशी मागच्या उन्हाळ्यातले बांगडे,
पिशवीवर तारीख, तिच्याच अक्षरात.
किती निर्धास्त वळण त्या नऊचं!

तेवढ्यात वाजतो.
नंबर लपवलेला.
हात ओले, बर्फाने बधिर, बोट दोनदा घसरतं.

"मर्डो बोलतोय, तेलवाला.
टाकी अर्धी भरू, की पुरी?"

ती खाली बसते, बांगड्यांशेजारी, फरशीवर.

"पुरी," म्हणते.
"वसंतापर्यंत पुरेल अशी."